मामाचा बेस आणि काळी पाच

मे २०२३ मध्ये सावंतवाडीच्या घराचा माळा आवरायला गेलो होतो. पावसाआधी कौलं परतायची होती, त्यासाठी वरचं सगळं खाली काढायचं होतं. पत्र्याचे डबे, एक फुटकं घंगाळ, लग्नकार्यातल्या पाटांचा ढीग आणि या सगळ्याच्या मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मामी खालून म्हणाली, "ता मामाचा गिटार. टाकून दी आता." मामा लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसला होता. तो काही बोलला नाही. मी शिडी उतरू लागलो तेव्हा लहान मूल घ्यावं तसे त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मध्येच मागे घेतले.

"हात थरथरतात रे आता," तो म्हणाला. "तू घेऊन जा."

मामाने हा बेस, म्हणजे खर्जाच्या चार जाड तारांचं गिटार, १९८१ साली मुंबईत जुन्या बाजारातून घेतला होता. पुढची बारा-तेरा वर्षं तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, पलीकडे पेडणे, म्हापसा. गणपतीच्या दिवसांत तर रोज रात्री कुठे ना कुठे कार्यक्रम. शिकवायला कोणी नव्हतं. पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, ती गाणी रेडिओवर ऐकून ऐकून त्याने हात बसवला. लहानपणी मी त्याला स्टेजवर पाहिलं आहे. सगळ्यांत मागे, ड्रमच्या शेजारी, मान खाली. त्याचं वाजवणं वेगळं असं ऐकू यायचं नाही, पण तो थांबला की गाण्याखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटायचं.

तुतारी एक्स्प्रेसने येताना रात्रभर तो बेस माझ्या बर्थवर माझ्या शेजारी होता. डोंबिवलीला पोचल्यावर गॅलरीत जुनी चादर अंथरली आणि गोणपाट सोडलं.

अवस्था वाईट होती. बॉडीवर मुळात कुठला रंग होता ते कळत नव्हतं, कारण त्यावर कोणीतरी ब्रशने काळा ऑइल पेंट फासला होता आणि तोही खपल्या धरून निघत होता. खालच्या कडेला वाळवीने दोन बोटं जागा पोखरलेली. तारा आवळायच्या चारपैकी दोन किल्ल्या गंजून घट्ट. तारांचा रंग विटकरी. डोक्यावरचं कंपनीचं नाव खरवडून गेलेलं. आणि नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, अशी वाकली होती की मधल्या फ्रेटवर, म्हणजे तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, तार दाबायची तर बोट आत बुडायचं.

या वाकण्याचं कारण समजून घ्यायला हवं. बेसच्या चार तारा सुरात असतात तेव्हा नेकवर मिळून ऐंशी किलोच्या आसपास ओढ असते. मामाने शेवटचा कार्यक्रम करून तो तसाच, तारा न सोडता, माळ्यावर ठेवला. सावंतवाडीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे एक माणूस लाकडाच्या टोकाला लोंबकळतो आहे आणि ते लाकूड दर वर्षी चार महिने ओलं होतं आहे, असं पंचवीस-तीस वर्षं. न वाकेल तर नवल.

जुनं वाद्य हातात आलं की आधी रंगाकडे लक्ष जातं. माझंही गेलं. पण नेक सरळ होत नसेल तर वरचं पॉलिश कितीही सुंदर झालं तरी ते वाद्य वाजणार नाही, भिंतीवर लटकेल. म्हणून आधी नेक, मग फ्रेट, मग वायरिंग आणि रंग सगळ्यात शेवटी, असं ठरवलं. हा क्रम मी आजही कोणालाही सांगेन.

नेक चार स्क्रूंनी बॉडीला बसवलेली होती. ही रचना लिओ फेंडर यांच्या १९५१ सालच्या प्रिसिजन बेसची. मामाचा बेस त्याच घडणीची नक्कल आहे. पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग, दोन तुकड्यांत विभागलेला, जसा मूळ प्रिसिजनमध्ये १९५७ पासून आला. प्रिसिजन हे नावही नेमकं आहे. उभ्या मोठ्या बेसला फ्रेट नसतात, बोट केसभर सरकलं की सूर हलतो. फ्रेट आले आणि सूर नेमका मिळू लागला. ही गोष्ट पुढे एका वेगळ्याच कारणाने माझ्या लक्षात राहिली.

नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तिचा नट आवळला की तारांच्या ओढीच्या उलट दिशेने नेक मागे खेचली जाते. माझ्या बेसमध्ये तो नट बॉडीकडच्या टोकाला होता, म्हणजे दर वेळी नेक काढा, फिरवा, परत बसवा. नट गंजला होता. गंज सोडवायचं तेल टाकून दोन दिवस ठेवला. मग नेक एका सरळ ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपला तीन क्लॅम्पनी धरली, मधल्या भागात हलका दाब देऊन. चार दिवस तशीच. त्यानंतर रोज रात्री नट पाव आटा. पाव आट्याहून जास्त एकदाही नाही. सळई तुटली तर ती काढायला फ्रेट बसवलेली फळी, म्हणजे फ्रेटबोर्डच उचकटावा लागतो आणि मग काम घरच्या हातात राहत नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. एका तारेला पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायचं. तार म्हणजे सरळ पट्टी झाली. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते बघायचं. मी सुरुवातीला मोजलं तेव्हा फट दोन मिलिमीटरच्या वर होती. बाईकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक जे फीलर गेज वापरतात तेच घेतलं, शंभर-दीडशे रुपयांत मिळालं. बारा दिवसांनी फट ०.४ मिलिमीटर भरली. त्या रात्री मी मामाला फोन करून आकडा सांगितला. त्याला आकड्याचं काही नव्हतं. त्याने विचारलं, "सरळ झाली?" मी हो म्हटलं. पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला.

फ्रेट वीस होते. पहिल्या पाच फ्रेटवर जाड तारांनी खाचा पाडल्या होत्या, सगळ्यांत खोल खाच तिसऱ्यावर. फ्रेटबोर्ड शिसवीचा, कोरडा पडून राखाडी झालेला. त्यावर मास्किंग टेप लावून फ्रेटच्या माथ्यांवर मार्करने काळी रेघ ओढली. जाड काचेच्या पट्टीला ३२० नंबरचा पेपर चिकटवून ती सगळ्या फ्रेटवरून लांब फिरवायची. जिथली रेघ पुसली जाते तो फ्रेट उंच, जिथली राहते तो खाली. सगळ्या रेघा एकदम पुसल्या जाईपर्यंत घासायचं. मग प्रत्येक फ्रेटचा माथा सपाट झालेला असतो, तो तीनधारी कानशीने पुन्हा गोल करायचा. कानशीच्या कडा आधी बोथट करून घ्यायच्या, नाहीतर लाकडावर ओरखडे पडतात. वीस फ्रेटला दोन रविवार गेले. शेवटी ब्रासोने पुसल्यावर ते असे चमकले की बायको म्हणाली, नवीन बसवलेस का.

फ्रेटबोर्डला जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला. राखाडी लाकूड डोळ्यांदेखत काळसर तांबूस होत गेलं, आतल्या रेषा वर आल्या. एक सांगून ठेवतो. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्यात टाकू नका. वाळताना तो आपोआप तापतो आणि पेटू शकतो. पसरून मोकळ्या हवेत वाळवा, किंवा पाण्यात भिजवून टाका.

आता दुसरा नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची ती छोटी पट्टी, जिच्या खाचांतून तारा किल्ल्यांकडे जातात. जुनी पट्टी प्लॅस्टिकची होती आणि एका कडेने मोडलेली. ती काढताना दुसऱ्या खाचेत काहीतरी अडकलेलं दिसलं. चिमट्याने ओढलं. कागदाची बारीक घडी होती, नखाच्या चतकोराएवढी. ओली करून उघडली तर एसटीचं तिकीट. खाच झिजून खोल गेली असणार आणि तार पहिल्या फ्रेटला लागून खरखरत असणार, म्हणून कधीतरी कार्यक्रमाच्या आधी खिशातलं तिकीट फाडून खाली सारलेलं. मी ती घडी एका काडेपेटीत ठेवून दिली.

नवी पट्टी हाडाची केली. मिरजेचा एक मित्र तिथल्या सतारमेकरांकडून हाडाचा तुकडा घेऊन आला. सतारीच्या तारा ज्यांवर टेकतात त्या घोड्यांसाठी त्यांच्याकडे असे तुकडे असतात. हाड घासताना दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा वास येतो. मास्क लावून, ओला पेपर वापरून घासावं. खाचा पाडताना प्रत्येक तारेच्या जाडीपेक्षा किंचित रुंद आणि तळाशी गोल. एक खाच खोल गेली की पट्टी वाया. माझी पहिली गेली. मित्राने दोन तुकडे आणले होते हे नशीब.

वायरिंगला फार वेळ लागला नाही, पण त्यातली एक गोष्ट मनापासून आवडली. पिकअपच्या दोन तुकड्यांतली कॉइल एकापुढे एक जोडलेली असते, त्यामुळे एक तुटली की दोन्ही मुकी. मल्टीमीटरवर एका तुकड्याने ५.६ किलोओहम दाखवलं, दुसऱ्याने काहीच नाही. कॉइलची तार ४२ गेजची, जेमतेम ०.०६ मिलिमीटर, डोक्याच्या केसाएवढी. भिंग लावून शोधलं तर बाहेरचं टोक कथलाच्या डागापाशीच हिरवं पडून तुटलं होतं. एक वेढा उलगडला, टोकाचं इनॅमल अगदी हळू खरवडलं, कथलाचा बारीक डाग दिला. मीटरवर ११.२ आलं. इतकी वर्षं वाद्य मुकं होतं ते एवढ्याशा टोकापायी. पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरकी) आणि जॅक (वायर खोवायची जागा) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवे आणले. तिथे पॉट घेताना २५० के एवढंच सांगून भागत नाही. व्हॉल्यूमला ए छापाचा लागतो. बी छापाचा दिला तर आवाज एका टोकाला सगळा एकदम चढतो. ब्रिजपासून, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथपासून, पॉटच्या पाठीपर्यंतची अर्थिंगची वायर तुटली होती, ती जोडली आणि घूं आवाज गेला.

इथवर जून संपत आला होता. मग रंग.

काळा पेंट हीट गनने काढायचं ठरवलं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही, गरम करून पट्टीने उचलायचं, खपल्या पेपरवर गोळा करायच्या, मास्क काढायचा नाही. पाठीमागचा रंग सालीसारखा निघाला. त्याखाली तांबूस लाकूड होतं. ओळखीच्या सुतारकाकांनी नखाने टोचून, हुंगून सांगितलं, तूण. महोगनीच्याच कुळातलं हे झाड, हलकं, आणि ओलं केलं की त्याला एक गोडसर वास येतो. बॉडी तीन फळ्या चिकटवून केली होती. दोन एकसारख्या आणि तिसरी फिकट. वाळवीची जागा पोकरून साफ केली, तुणीचाच तुकडा बसवला. मोकळ्या झालेल्या स्क्रूच्या भोकांत फेव्हिकॉल लावून टूथपिक ठोकले, वाळल्यावर कापले.

बॉडीच्या वरच्या कडेला, वाजवताना हनुवटीच्या खाली येईल अशा जागी आलो आणि थांबलो. तिथे पिवळी पडलेली सेलोटेप होती, काळा पेंट तिच्या कडेने फिरवलेला. टेपने कडांना चिकटवलेली वहीच्या कागदाची पट्टी आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरांत सहा ओळी.

पांढरी चार – जाड १, घर १
काळी एक – जाड २, घर ४
काळी दोन – जाड २, घर ६
पांढरी पाच – जाड १, घर ३

अशा. गायक स्टेजवर येऊन सांगणार, काळी एक. मामाला इंग्रजी सूर कोणी शिकवले नव्हते, ऑर्केस्ट्रात सगळे पेटीच्या पट्ट्यांतच बोलायचे. म्हणून त्याने पेटीचे सूर बेसच्या घरांवर मांडून घेतले होते. जाड १ म्हणजे वरची सगळ्यात जाड तार, घर म्हणजे फ्रेट. मी फ्रेटबोर्डवर पहिल्या चार ओळी तपासल्या. एकही चूक नव्हती. हे सगळं त्याने स्वतः, कानाने शोधलं होतं.

त्या पट्टीभोवतीचा वीतभर काळा रंग मी काढला नाही. मित्रांपैकी दोघांनी सांगितलं की फोटो काढून ठेव आणि साफ कर, नाहीतर चांगल्या पॉलिशमध्ये डाग दिसेल. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. काळ्या रंगाची कड ४०० च्या ओल्या पेपरने उतरती करत लाकडात मिळवली आणि कागदावर मास्किंग टेप लावली.

पॉलिशसाठी चपडा निवडला. पीयू (पॉलियुरेथेन) जास्त टिकतो, घामाला आणि पाण्याला दाद देत नाही, हे मान्य. पण तो स्प्रेने मारायचा तर फ्लॅटमध्ये जागा नाही, आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा वास आणि पेट घेण्याचा धोका इमारतीत नको होता. शिवाय चपडा पुढेमागे खराब झाला तर स्पिरिटचा हात फिरवून तिथल्या तिथे दुरुस्त होतो, सगळं खरवडावं लागत नाही. आणि हा बेस सावंतवाडीचा. तिथल्या चितारआळीत लाकडी खेळण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लाखकाम होत आलं आहे. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवरचे किडे जी लाख तयार करतात तीच गाळून, पातळ करून चपडा होतो. मला तेच हवं होतं.

शंभर ग्रॅम चपडा, अर्धा लिटर स्पिरिट, काचेची बरणी. लोखंडी डब्यात ठेवलं तर काळपट पडतं. रात्रभर मुरवून, वरची निवळ फडक्यातून गाळून घेतली.

आणि मी जुलैत सुरुवात केली. तीन आठवडे हात शांत बसत नव्हते, एक दुपार उघडीप दिसली, आणि घेतलं करायला. पहिले दोन हात सुरेख बसले. लाकूड मधासारखं दिसू लागलं. संध्याकाळी पाऊस आला. रात्री दिवा लावून बघितलं तर बॉडीवर काचेवर श्वास सोडल्यासारखा पांढरा धुरळा. पुसला जाईना. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड करतं, हवा दमट असेल तर तिच्यातली वाफ तिथेच धरते आणि थराच्या आत अडकते. हे मला वाचून ठाऊक होतं. ठाऊक असून केलं.

त्याहून वाईट दुसऱ्या दिवशी उजेडात कळलं. वरच्या कडेला हात फिरवताना चपडा लावायची कापडी पुरचुंडी जास्त ओली होती. स्पिरिट मास्किंग टेपच्या खाली झिरपलं. टेप उचलली तर पाचवी ओळ नव्हती. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. त्या ओळीच्या जागी निळसर ढग होता आणि बाकी पाच ओळी शाबूत.

मी ते बराच वेळ बघत बसलो. मग सगळं झाकून ठेवलं आणि पुढचे दोन महिने हात लावला नाही. मामाला सांगितलं नाही.

पुसली गेलेली ओळ काय असेल हे हिशोबाने काढता येत होतं. चार ओळी वर दिल्या, सहावी काळी चार होती, जाड १, घर ४. ऑर्केस्ट्रात नेहमी लागणाऱ्या पट्ट्यांतली एकच राहत होती, काळी पाच. जाड दुसरी तार मोकळी वाजते ती पांढरी सहा, म्हणजे तिच्या पहिल्याच घरात काळी पाच. मी कागदावर लिहून ठेवलं: काळी पाच – जाड २, घर १. त्याच्या अक्षराची नक्कल करून ते तिथे लिहावं असा विचार मनात आला होता. तो मी केला नाही.

गणपतीला, सप्टेंबरात, घरी गेलो तेव्हा चितारआळीत एका ज्येष्ठ कारागिरांच्या दुकानात शिरलो. पाट रंगवत बसले होते. फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, "खयच्या म्हयन्यात केलंस?" जुलै म्हटल्यावर मान हलवली. "पावसात हात लावू नको रे. सफेत पडतलाच. दसरो जावंदे. मगे स्पिरिटाचो हलको हात मार, आपसूक साफ जातला." मग त्यांनी माझा हात धरून पुरचुंडी कशी पकडायची ते दाखवलं. मी ती मुठीत धरत होतो. त्यांनी ती तीन बोटांत धरून दाखवली, तळवा मोकळा. "दाब दिवचो न्हय. चाल दिवची," ते म्हणाले.

दसऱ्यानंतर ऑक्टोबरचं ऊन पडलं. घरातली दमट हवा गेली, कपाटाचे दरवाजे पुन्हा नीट लागू लागले. तेव्हा स्पिरिटचा हलका हात फिरवला. पांढरा धुरळा पहिल्याच फेरीत गेला, जणू कधी नव्हताच.

मग खरं पॉलिश. जुन्या बनियनचा बोळा मलमलीत बांधून पुरचुंडी, लिंबाएवढी. आत चपडा मुरवायचा, बाहेर ओघळेल इतका नाही. हाताच्या पाठीवर टेकवली तर ओलसर थंड लागावं पण डाग उठू नये, एवढा. तळाला जवसाच्या तेलाचं एक बोट. मग कडेवरून सरकत आत यायचं, इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं आणि पृष्ठभागावर पुरचुंडी कधीही थांबवायची नाही. थांबली की खालचा थर विरघळून चिकटते आणि ओरखडा उमटतो. नीट चालत असेल तर पुरचुंडीच्या मागे श्वासाएवढी पुसट वाफेची रेघ येते आणि दोन सेकंदांत विरते. ती रेघ दिसायला लागली की समजायचं, आता हात बसला. कानालाही कळतं. सुकी पडत आली की मलमल बारीक चरचरते, तेव्हा पुन्हा चपडा घ्यायचा.

रोज सकाळी सहा ते सात, ऑफिसला जाण्याआधी. एका दिवशी तीन-चार फेऱ्या, मग चोवीस तास आराम. असे सोळा दिवस. सातव्या दिवसापर्यंत लाकडाची छिद्रं दिसत होती, नवव्या दिवशी गॅलरीच्या जाळीचं प्रतिबिंब बॉडीवर पडलं. तिसरी फळी फिकट होती म्हणून मी आधी तिला डाय देणार होतो. चपड्याचा तांबूस रंग चढत गेला तसा फरक इतका कमी झाला की डाय दिला नाही. शेवटी तेलाचा अंश काढायला जवळजवळ कोऱ्या स्पिरिटची फेरी, मग दोन आठवडे नुसतं ठेवलं, आणि वर मधमाशीच्या मेणाचा पातळ थर. वाजवताना उजवं कोपर जिथे टेकतं तिथे मेण जरा जास्त, घामाने चपडा तिथेच आधी जातो.

या वेळी कागदाच्या पट्टीच्या चहूबाजूंनी दोन बोटं जागा सोडली होती. तिथे पुरचुंडी नेलीच नाही, फक्त मेण लावलं.

दिवाळी झाल्यावर जोडणी. किल्ल्या रॉकेलमध्ये भिजवून मोकळ्या झाल्या होत्या, त्याच बसवल्या. तारा नव्या. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेला अडीच, बारीक तारेला दोन मिलिमीटर. नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी ८६४ मिलिमीटर, म्हणजे बारावा फ्रेट बरोबर ४३२ वर. मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार यांचा सूर जुळेपर्यंत ब्रिजवर तार टेकते ते खोगीर पुढे-मागे करायचं. जाड तार ४१ हर्ट्झची, फोनवरचं ट्यूनर ती नीट पकडत नाही. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून वाजवली की लगेच पकडतं. चौदाव्या फ्रेटवर बारीक तार अजून किंचित खरखरते. येत्या पावसाळ्यात नेक किती हलते ते बघून मग त्याला हात लावीन.

डिसेंबरात बेस घेऊन सावंतवाडीला गेलो. मामाने पाठीवरून तळहात फिरवला, मग नेकखाली बोटं सरकवली. कागदाची पट्टी दिसल्यावर तिच्याकडे वाकला. मी तेव्हा सांगितलं, पाचवी ओळ माझ्याकडून पुसली गेली. आणि हेही सांगितलं की ती काळी पाच असणार, जाड दोन, घर एक, मी हिशोब केला आहे.

"काळी पाच बरोबर," मामा म्हणाला. "त्या पट्टीत गाणारी आमच्याकडे एकच बाई होती. पण घर एक न्हय. दोन नंबरची तार पहिल्या घरात दाबली की सूर चढायचा. वर तिकीट घातलं होतं ना मी. म्हणून मी ती जाड एकवर घ्यायचो, सहाव्या घरात."

मी खिशातून काडेपेटी काढून त्याच्यासमोर उघडली. त्याने घडी बोटावर घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि परत ठेवली. मग बेस मांडीवर घेऊन दुसऱ्या तारेचं पहिलं घर दाबलं. बोट थरथरत होतं, पण तार लागली. मी फोनवरचं ट्यूनर पुढे धरलं, काटा मधोमध. त्याने काट्याकडे बघितलं नाही. कान बॉडीजवळ नेऊन तीच नोट आणखी दोनदा वाजवली.

"आता बरोबर लागता," म्हणाला.

पेन्सिल मी मुद्दाम नेली होती, तिच्यावर स्पिरिट चालत नाही. त्याच्या हातात दिली आणि बेस घट्ट धरून ठेवला. त्याने निळसर ढगावर, बाकीच्या ओळींपेक्षा मोठ्या, हललेल्या अक्षरांत लिहिलं: काळी पाच – जाड १, घर ६.